ऑपरेटरचा मुको

परवा शाळेतल्या संगणकावर पाटी आली, 'तुमचा ब्राउझर जुना झाला आहे, नवा घ्या.' मी मुकाट्याने घेतला. नव्याने आल्या आल्या विचारलं, तुम्ही कुठे आहात ते बघू का, पासवर्ड लक्षात ठेवू का, जुन्या खुणा इकडे आणू का. मी सगळ्याला हो म्हटलं. हो म्हणायची आता बोटांनाच सवय झाली आहे. तासाभराने बातम्या उघडल्या तर कडेला काजू फोडायच्या यंत्राची जाहिरात, कारण सकाळी मेव्हण्यासाठी मी तसल्या यंत्राची चौकशी केली होती. स्टाफरूममधल्या बाई हसून म्हणाल्या, "सर, ह्याला तुमचं सगळं कळतं हो."

मला ऑपरेटर आठवले. आठवले म्हणजे प्रेमाने आठवले, असं कोणी समजू नये. ते आठवू नयेत म्हणून मी गेली कित्येक वर्षं बरीच खटपट केली आहे.

ऑपरेटर हे त्यांचं नाव नव्हे. नाव मी सांगत नाही, ते त्यांना आवडणार नाही. तेवीस वर्षं ते टेलिफोन एक्स्चेंजमध्ये होते. मुंबईला फोन लावायचा तर सकाळी नंबर नोंदवायचा आणि दुपारपर्यंत वाट बघत बसायचं, अशा काळात आमच्या किनाऱ्यावरची निम्मी सुखदुःखं त्यांच्या कानांवरून गेली. पुढे यंत्रं बदलली, माणसांची गरज संपली. त्यांनी स्वेच्छानिवृत्ती घेतली आणि आमच्या बाजारपेठेत, एस.टी. स्टँडच्या मागच्या गल्लीत मसाल्याच्या दुकानाशेजारी नेट कॅफे काढला. गावाने जुनं नाव तसंच चालू ठेवलं. त्यांची बायकोसुद्धा चारचौघांत "आमचे ऑपरेटर" असंच म्हणायची.

कॅफेत चार संगणक होते. इतर कॅफेवाले पडदे असे लावत की मालकाला आपल्या खुर्चीतून सगळे दिसावेत. ऑपरेटरांनी उलटं केलं होतं. पडदे भिंतीकडे, मध्ये प्लायवूडच्या फळ्या, आणि स्वतःची खुर्ची कोपऱ्यात, तोंड भिंतीवरच्या कॅलेंडरकडे. आलेल्या माणसाला त्यांची पाठ आणि मानेवरचे पांढरे केस तेवढे दिसत. दोन्ही कानांत कापूस. नवा माणूस बिचकायचा, दुकान चालू आहे की बंद हेच त्याला कळेना. आत जायचं, रिकामी जागा बघून बसायचं, जाताना दाराजवळच्या डब्यात पैसे टाकायचे. कोणी टाकले आणि कोणी नाही, हे त्यांनी कधी वळून बघितलं नाही. अर्थात गावात असले लोक होते की जे कधीच टाकत नसत. त्यातला एक आता पतपेढीवर संचालक आहे.

प्रत्येक टेबलाला एक सायकलची घंटी स्क्रूने बसवलेली होती. काही अडलं की ती वाजवायची. कापसातूनही ती त्यांना ऐकू जाई. ते तिथूनच ओरडत, "आदी बंद कर, मगे येतंय." पान बंद होत नसेल, यंत्रच अडकलं असेल, तर ते खांद्यावरचा पंचा घेऊन यायचे, मान वळवून तो पडद्यावर टाकायचे, आणि मग खाली वाकून वायरी हलवायचे. पंचा घातलेल्या पडद्याशी झटापट करणारा हा माणूस बघून आम्ही कॉलेजातली पोरं तोंडावर हात धरून हसायचो. पोटदुखीवर काय औषध घ्यायचं एवढंच बघत असलात तरी पंचा पडायचाच.

आणि मुको. त्या ब्राउझरचं खरं नाव इंग्रजीत लांबलचक होतं, ते मी विसरलो. कुठल्या तरी परक्या देशातल्या पाच-सहा माणसांनी तो फुकट वाटायला केला होता आणि म्हापशाच्या एका ओळखीच्या माणसाने ऑपरेटरांना सीडीवर दिला होता. राखाडी चौकट, वर चार बटणं, उघडल्यावर पांढरं स्वच्छ पान. चित्रं आपण मागितल्याशिवाय दाखवायची नाहीत. पासवर्ड लक्षात ठेवायचा नाही. मागे कुठे गेला होतात ते सांगायचं नाही, कारण त्यालाच माहीत नसायचं. खिडकी बंद केली की पडदा क्षणभर पांढरा व्हायचा आणि खाली एक इंग्रजी ओळ यायची, सगळं पुसलं म्हणून. ती ओळ आल्याशिवाय ऑपरेटर कोणाला उठू देत नसत.

"रव. तेका पुसू दी," ते कॅलेंडरकडे बघत म्हणायचे. "पुसला?"

"पुसला, काका."

"हय पुसला. लाईनीर पुसूक नाय, ह्या ध्यानात ठेव. लाईनीर कोण ना कोण आसताच."

हे वाक्य ते प्रत्येकाला सांगत. शंभरदा ऐकलेल्या वाक्याचं होतं तेच त्याचं झालं, आम्ही ते ऐकायचं सोडून दिलं.

मुको हे नाव त्यांनीच ठेवलं. मुको म्हणजे मुका. तो हळू होता, फार हळू. दहावीच्या निकालाच्या दिवशी दुसरीकडे मुलं पास होऊन पेढे वाटायची तरी आमच्याकडे अजून पान उघडत असायचं. कोणी कुरकुर केली की ऑपरेटर म्हणायचे, "तो बोलणा नाय, पण चालता." तरी बायका त्यांच्याकडेच यायच्या, हे कोणाच्या लक्षात यायचं नाही. नवऱ्याला न सांगता कोर्टाची तारीख बघणारी, छातीतली गाठ कसली असते ते विचारायला आलेली, घरच्यांपासून लपवून नर्सिंगचा फॉर्म भरणारी. मी त्यांना बघायचो, कारण मला बघायची सवय होती. ऑपरेटरांना नव्हती.

त्या नर्सिंगवालीचा बाप एकदा आला होता. बंदरावरचा माणूस, मासळीची पाटी अजून बाहेर ठेवलेली. मुलगी निवड होऊन निघून गेली होती आणि बापाला हे कळल्याला दोनच दिवस झाले होते.

"माज्या चेडवान हय बसान काय काय केल्यान?"

"माका म्हायत नाय."

"तुज्या यंत्राक म्हायत आसतला मरे!"

"तेका तर माज्यापेक्षा कमी म्हायत. बस, इचार तेका."

बाप खरोखरच बसला. अर्धा तास पांढऱ्या पानाकडे बघत बसला, दोनदा घंटी वाजवली, शेवटी उठला. ऑपरेटरांनी त्यालाही बसवून ठेवलं. "रव. तुजापण पुसू दी." बाप शिव्या घालत गेला आणि पुढच्या महिन्यात मुलीला मेल कसं पाठवायचं ते शिकायला परत आला.

दुपारी काकी, म्हणजे त्यांची बायको, डबा घेऊन यायची. तिला माणसांची भारी हौस. "आज कोण कोण इली?" हा तिचा रोजचा प्रश्न. ऑपरेटर भात कालवत म्हणायचे, "माणसां इली." ती कपाळावर हात मारायची. म्हणायची, ह्या माणसाबरोबर संसार म्हणजे बंद टपालपेटीबरोबर संसार. पण तिला एक पक्कं ठाऊक होतं आणि ती ते अभिमानाने सांगायची, की हा माणूस काही सांगणार नाही, पण जे सांगेल ते खोटं नसेल.

ते असे का झाले ते मला त्यांनी एकदाच सांगितलं. वीज गेली होती, गिऱ्हाईक मी एकटाच, मी त्यांच्याजवळ जाऊन बसलो. त्यांनी कानातला कापूस काढला.

"एक्स्चेंजात मी सगळ्यांचा आयकत होतंय. कान लावन. टायम जाता मरे. एकदा मुंबैसून कॉल इलो. एका चेडवाचा लगीन ठरत होता. तिचो मामा तिच्या बापाशीक सांगता, चेडवाक फिटी येतत ता तेंका सांगा नको, औषधान बरी आसा. मी घराकडे येवन बायलेक सांगलंय. तिना बावीर पाणी भरताना सांगल्यान. चार दिसांत लगीन मोडला."

"मगे?"

"मगे काय? अजून आवशी-बापाशीकडेच आसा ती. शुक्रवारच्या बाजारात अळू, केळफूल घेवन बसता. मी तिच्याकडसूनच घेतंय."

वीज आली. त्यांनी कापूस परत घातला आणि कॅलेंडरकडे तोंड केलं.

सरकारचा नियम असा की कॅफेत येणाऱ्याने नाव, गाव, व्यवसाय वहीत लिहायचा, वेळ लिहायची. ऑपरेटर नियम मोडणारे नव्हते. वही होती, शिसपेन्सिल होती, दाराजवळच्या स्टुलावर. पण लोक काय लिहितात ते त्यांनी कधी वाचलं नाही. लोकांना हे कळायला वेळ लागला नाही. सुना सासूचं नाव लिहायच्या. एकाने मेलेल्या आजोबांचं लिहिलं. आम्ही पोरं तर चेकाळलोच होतो. नट, मंत्री, हेडमास्तर, सगळे त्या वहीत येऊन गेले. आम्हाला ही गंमत वाटायची.

मग मुको म्हातारा झाला. ज्यांनी केला होता त्या पाच-सहा माणसांनी काम सोडलं. नवा मुको येईना. बँकेचं पान म्हणायचं, हा ब्राउझर चालणार नाही. परीक्षेचा फॉर्म उघडायचाच नाही. मेन रोडवर काचेच्या केबिनी आणि थंड हवा असलेला दुसरा कॅफे निघाला होता, तिकडे गर्दी वळली. ऑपरेटरांनी कोणाच्या तरी आग्रहावरून एक नवा ब्राउझर एका यंत्रावर घालून बघितला. तासभर त्याच्यासमोर बसले, आणि काढून टाकला.

मी म्हटलं, "काका, तो विचारतो तरी. नको म्हणा, झालं."

"आता इचारता," ते म्हणाले. "सवय झाली काय इचारूचा बंद करतलो."

आम्ही ह्यावरही हसलो. परवा ते काजूचं यंत्र बघून मला हसू आलं नाही.

आता माझ्याबद्दल सांगतो. बी.एड. होऊन दोन वर्षं झाली होती, नोकरी नव्हती. आमचं घर खाडीकाठी. पूर्वी माणसं बुडी मारून टोपलीने वाळू काढायची, मग एका ठेकेदाराने पंप लावलेल्या होड्या आणल्या. काठ ढासळायला लागला. आमचे चार माड मुळांसकट खाडीत गेले, बावीचं पाणी मचूळ झालं, भाताच्या खाचरात खारं पाणी शिरलं. ठेकेदाराच्या मागे कोण होतं हे सगळ्यांना ठाऊक होतं, म्हणून कोणी बोलत नव्हतं. बाबा संध्याकाळी काठावर उभे राहून किती गेलं ते बघायचे आणि पाय धुऊन घरात यायचे. ते मला बघवेना.

एका दुपारी मी ऑपरेटरांकडे तीन नंबरच्या यंत्रावर बसलो आणि जिल्ह्याच्या साहेबांना मेल लिहिलं. नवा खोटा पत्ता काढला, सही 'एक त्रस्त ग्रामस्थ'. दोन पानं. मला भाषेचा अभिमान होता. तारखा, होड्यांचे रंग, काठाचे फोटो, सगळं घातलं. तेवढ्यावर थांबायचं होतं. पण हात तापला होता. शेवटी लिहिलं, 'तात्काळ कारवाई न झाल्यास लोक ह्या होड्या पेटवून देतील, याची नोंद घ्यावी.' 'याची नोंद घ्यावी' ह्यावर मी इतका खूश झालो की ते दोनदा वाचलं. येताना वहीत मी आमच्याकडच्या गावराखणीच्या देवालाच बसवलं होतं: नाव, वेतोबा. गाव, आरवली. व्यवसाय, राखण.

खिडकी बंद केली, पडदा पांढरा झाला, ओळ आली. ऑपरेटरांनी विचारलं, पुसला? मी म्हटलं, पुसला. त्यांनी आपलं ते लाईनीचं वाक्य सांगितलं. मी डब्यात पैसे टाकून, शीळ घालत घरी गेलो.

नऊ दिवसांनी एक होडी जळाली. कोणी जाळली ते मला आजही माहीत नाही. कोणी म्हणे मजुरांच्या भांडणात, कोणी म्हणे मालकानेच. पण माझं मेल कुठल्या तरी टेबलावरून ठेकेदाराच्या हाती गेलं होतं, आणि त्यातलं शेवटचं वाक्य आता धमकीचं झालं होतं. मेल कुठल्या जोडणीवरून निघालं हे शोधायला पोलिसांना आठवडा पुरला. मुक्याने ह्या टोकाचं सगळं चोख पुसलं होतं. त्या टोकाचं पुसणं त्याच्या हातात नव्हतं.

ते आले त्या सकाळी मी गल्लीत समोरच्या दुकानात सोडा पीत होतो. जीप थांबली, बाहेरून आलेला एक साहेब आणि दोन शिपाई आत गेले. गल्ली अरुंद, आतलं सगळं बाहेर ऐकू येत होतं. ऑपरेटरांनी कापूस काढून खिशात ठेवला आणि उभे राहिले. साहेबाशी ते शुद्ध मराठीत बोलत होते.

"हे मेल कोणी लिहिलं?"

"मला माहीत नाही, साहेब."

"तुझ्या दुकानातून गेलंय."

"गेलं असेल. कोणी लिहिलं ते मला माहीत नाही."

"कॉम्प्युटरमध्ये असेल."

"नाही, साहेब. त्यात राहत नाही काही."

"मुद्दाम केलंस?"

"होय. मुद्दाम."

हे 'होय' मला गल्लीपलीकडे स्वच्छ ऐकू आलं. दुसरा कोणी असता तर म्हणाला असता, यंत्र बिघडलंय. साहेबाने वही मागितली. मेलची तारीख, वेळ जुळवत पानं उलटली. मग मोठ्याने वाचलं, सबंध गल्लीला ऐकू जाईल असं.

"वेतोबा. आरवली. व्यवसाय, राखण." त्याने वही मिटली. "माझी चेष्टा करतोस, भडव्या?"

आणि त्यांच्या थोबाडीत मारली.

साठीच्या माणसाला, त्याच्याच दुकानात, माझ्या विनोदापायी. चष्मा उडून स्टुलाखाली गेला. मसाल्याच्या दुकानातला, रसवंतीवाला, स्टँडवर उभी असलेली पाच-पन्नास माणसं, सगळ्यांनी बघितलं. मी फक्त एक पाऊल टाकायचं होतं. गल्ली ओलांडायला मला चार पावलं लागली असती, पण पहिलंच पुरलं असतं. मी सोडा संपवला. बाटली परत क्रेटमध्ये नीट ठेवली. मला आठवतं, मी ती बरोबर खाचेत बसली की नाही तेही बघितलं.

ते चारही संगणक घेऊन गेले. मुक्याची सीडी नेली. पुढे पंधरा दिवस ऑपरेटरांना रोज बोलावून बसवून ठेवत. सकाळी ते इस्त्रीचा शर्ट घालून एस.टी.ने जायचे, संध्याकाळी यायचे. तोच प्रश्न, तेच उत्तर. दुकानाची परवानगी रद्द झाली. गुन्हा शेवटी कोणावरच लागला नाही. अकरा महिन्यांनी यंत्रं परत मिळाली, पण ती चालण्यासारखी राहिली नव्हती, आणि सीडी मिळालीच नाही. म्हापशाच्या माणसाकडेही दुसरी प्रत नव्हती. आमच्याकडून मुको असा गेला.

गावाबद्दल मला बोलायचा अधिकार नाही, तरी बोलतो. ज्यांचं ज्यांचं त्या चार फळ्यांआड झाकलं गेलं होतं त्यातला एकही माणूस त्यांच्या बाजूने बोलला नाही. चहाच्या दुकानात म्हणायचे, लपवाछपवीचं दुकान, कधीतरी हे होणारच होतं. कोर्टाची तारीख बघणारी बाई छत्री खाली करून गल्लीतून निघून जायची. डब्यात पैसे न टाकणारा म्हणाला, बहुतेक त्यांचे आतून काही धंदे असतील. मी तिथे बसलेलो होतो. मीही मान हलवली.

मेलचा उपयोग झाला का? चार महिने होड्या बंद होत्या. मग दुसऱ्या नावाने सुरू झाल्या. बावीचं पाणी अजून मचूळच आहे. मला मात्र त्याच वर्षी वैभववाडीकडच्या शाळेत नोकरी लागली. चारित्र्य पडताळणीचा कागद आला, त्यावर लिहिलं होतं, 'गैर काही आढळून आले नाही.' तो कागद मी फाइलमध्ये जपून ठेवला आहे. मूल्यशिक्षणाचा तास माझ्याकडे असतो.

ऑपरेटर बाजारपेठेतली भाड्याची खोली सोडून मसुऱ्याला आपल्या मूळ घरी गेले. मी ठरवत राहिलो, ह्या मे महिन्यात जाऊ, गणपतीत जाऊ. बाबा गेले, माझं लग्न झालं, मुलगी शाळेत जायला लागली. गेल्या वर्षी आंगणेवाडीच्या जत्रेत, रांगेत, काकी भेटली. तिने मला ओळखलं, माझ्या मुलीच्या गालाला हात लावला. म्हणाली, "आमचे ऑपरेटर घराकडेच आसत. येवा एकदा, मास्तरानू. कोण येना नाय आमच्याकडे."

मे महिन्यात एका रविवारी गेलो. एकटाच. ऑपरेटर घरापुढच्या खळ्यात बसून रातांबे, म्हणजे कोकमाची फळं, फोडत होते, हात कोपरापर्यंत लाल. कानात कापूस नव्हता. खूप वाळले होते, पण डोळे तेच. काकीने मला बसायला पाट दिला आणि सरबत करायला मागच्या पडवीत गेली. मी शाळेचं बोललो, रस्त्याचं बोललो. मग एकदम बोलून टाकलं.

"काका, ता मेल माजा होता. वहीत वेतोबा पण मीच लिवलंय."

त्यांचे हात थांबले नाहीत. दोन रातांबे फोडून झाले. मग त्यांनी सुरी खाली ठेवली.

"तुका कोणी इचारल्यान?"

"नाय."

"मगे सांगलस कित्याक?"

"मन खाय होता, काका. इतकी वर्सां..."

"तुजा मन." त्यांनी हात पंच्याला पुसले. आवाज चढला नव्हता, तो चढला असता तर बरं झालं असतं. "तेंनी माका पंधरा दीस इचारल्यानी. रोज मी सांगलंय, माका म्हायत नाय. आणि माका खराच म्हायत नाय होता. कोणाचो संशयसुद्धा घेवक नाय मी. थोबाडीत बसली, दुकान गेला, पण मी खोटा बोलूक नाय, येवढा एक माज्याकडे होता. त्येच्यावर मी रातीचो झोपतंय."

"आता कोण विचारणार आहे, काका? संपलं ते सगळं."

"संपला?" त्यांनी पडवीकडे बोट केलं. "ती अजून इचारता. सांजचो दिवो लावताना रोज म्हणता, देवा, जेना ह्या केल्यान तेचा नाव तरी माका कळूंदे. मगे माज्याकडे बघता. कोण होतो हो तो? मी सांगतंय, बाये, माका म्हायत नाय. ती इश्वास ठेवता. उद्यापासून काय सांगू तिका?"

मी हलका व्हायला आलो होतो. आपल्या डोक्यावरचं ओझं दुसऱ्याच्या डोक्यावर ठेवलं की आपण हलके होतो, हे मी विसरलोच होतो. हे विसरणं मला नेहमीच जमतं.

काकी ट्रे घेऊन आली. तीन पेले, कोकम सरबत, वर जिऱ्याची पूड. तिने आधी मला दिलं. आमच्या दोघांच्या तोंडाकडे बघून ती थबकली.

"काय झाला? कसला बोलतास?"

ऑपरेटरांनी माझ्याकडे बघितलं. इतकं सरळ त्यांनी माझ्याकडे पूर्वी कधी बघितलं नव्हतं. त्यांना हवं असतं तर ते गप्प राहू शकले असते. पण ती त्यांच्याकडे बघत उभी होती आणि गप्प राहिले असते तर तिला कळलं असतं.

"काय नाय गो," ते म्हणाले. "मास्तर आपल्या शाळेचा सांगत होते."

तिने विश्वास ठेवला. हसून म्हणाली, "बरा केलास हो, इलास ता. तुमच्यासारख्यांचो आधार वाटता." ऑपरेटरांनी सुरी उचलली आणि मान खाली घालून पुढचा रातांबा फोडायला घेतला.

मी सरबत प्यायलो. काकीने विचारलं, आणखी देऊ का, तेव्हा मी पेला पुढे केला.